मुंबई ते नागपूर विमानानं: अंतर किती, वेळ किती आणि घरातून कधी निघायचं?

मुंबईत नोकरीधंद्याला आलेली विदर्भातली माणसं हे प्रश्न वर्षभर विचारत असतात. दिवाळी आली की जास्त, डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लागलं की त्याहून जास्त. कुणाला आईवडिलांना पहिल्यांदाच विमानानं आणायचं असतं, कुणाला नागपूर खंडपीठात तारखेला हजर राहायचं असतं, कुणाच्या घरी आजारपण असतं. अशा वेळी फक्त किलोमीटरचा आकडा सांगून भागत नाही, म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

मुंबई आणि नागपूर विमानतळांमधलं अंतर नेमकं किती?

सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ते नागपूरच्या सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, असं हे मोजमाप आहे. वैमानिक सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळे त्यांच्या हिशेबात हे अंतर ३७० मैलांच्या थोडं आत येतं. जमिनीवरच्या साध्या मैलात तेच ४२५ च्या आसपास भरतं. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा आकडा दिसला तर आधी एकक कोणतं आहे ते बघा, बहुतेक वेळा फरक तिथलाच असतो.

मग गाडीनं ८०० च्या वर किलोमीटर होतात असं का सांगतात?

कारण जमिनीवर घाट, नद्या आणि गावं आडवी येतात. आकाशातलं अंतर पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरच्या सर्वांत जवळच्या वाटेनं मोजलेलं असतं. रेल्वेनं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर ८३७ किलोमीटर होतात, कारण रूळ कसारा घाट चढून इगतपुरी, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असे वर वळसा घेऊन जातात. जुन्या रस्त्यांनीही अंतर तेवढंच, किंवा वाटेप्रमाणे थोडं कमीजास्त.

समृद्धी महामार्गानं हा हिशेब बदलला. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरच्या शिवमडक्यापर्यंत तो ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. सरळ रेषेच्या इतका जवळ जाणारा रस्ता या दोन शहरांमध्ये याआधी नव्हता.

तिकिटावर दीड तासाच्या वर वेळ लिहिलेली असते. विमान खरंच इतका वेळ उडतं?

नाही. हवेत ते साधारण एक तास दहा मिनिटं असतं, कधी त्याहून थोडं कमी, कधी जास्त.

तिकिटावरची वेळ वेगळ्या पद्धतीनं मोजतात. विमान आपल्या जागेवरून मागे ढकललं गेलं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर लागून थांबलं की बंद होतं. विमान कंपन्या याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबई–नागपूरसाठी तो दीड तास ते पावणेदोन तासांच्या दरम्यान ठेवलेला दिसतो. त्यात मुंबईतल्या टॅक्सीवेवर, म्हणजे जागेपासून धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर, रांगेत सरकणं येतं, धावपट्टीपाशी आपल्या पाळीची वाट बघणं येतं, नागपूरला उतरल्यावर जागेवर जाणं येतं. शिवाय थोडी राखीव मिनिटंही धरलेली असतात. म्हणूनच वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान बऱ्याचदा वेळेवर पोचतं. वैमानिकानं वेग वाढवून वेळ भरून काढला असं प्रवाशांना वाटतं. थोडा वाटा वेगाचा असतोही, पण मोठा वाटा या आधीच धरून ठेवलेल्या मिनिटांचा असतो.

विमान ताशी ८०० किलोमीटरनं जातं. मग ६८० किलोमीटरला पाऊण तास पुरे व्हायला हवा ना?

हा प्रश्न शाळेतली मुलं हमखास विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. ताशी ८०० ते ८५० हा वेग वरच्या उंचीवर पोचल्यानंतरचा आहे. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानाला ३३-३५ हजार फुटांवर चढायला वीसेक मिनिटं लागतात. खाली उतरताना पंचवीसएक मिनिटं लागतात, आणि उतरताना वेग टप्प्याटप्प्यानं कमी केला जातो. मुंबई–नागपूरमध्ये चढण आणि उतार यांतच दोन तृतीयांश वाट संपते. पूर्ण वेगानं सपाट उड्डाण उरतं ते वीस-पंचवीस मिनिटांचं. चहा-सँडविचची गाडी मधल्या वाटेतून घाईघाईनं फिरते त्याचं कारण हेच.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे, तरी वेळापत्रकात त्यासाठी तासाभराच्या आसपास धरलेला असतो. नागपूर त्याच्या जवळजवळ अडीचपट लांब, पण वेळ दीडपटीच्या थोडीच वर. दिल्ली साधारण १,१४० किलोमीटर, म्हणजे संभाजीनगरच्या चौपट, आणि वेळ सव्वादोन तासांच्या आसपास. अंतर कितीही असो, ढकलणं, सरकणं, चढणं आणि उतरणं यांची मिनिटं द्यावीच लागतात. त्यामुळे जवळच्या शहरासाठी विमान घेताना हिशेब नीट करायला हवा. पुण्यासाठी तर विमानाचा विचारही करू नये.

जाताना कमी वेळ आणि येताना जास्त वेळ लागतो का?

हिवाळ्यात हवेतल्या वेळेपुरतं म्हणाल, तर हो. नागपूर मुंबईच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे आहे. नोव्हेंबर ते मार्चमध्ये उत्तर आणि मध्य भारताच्या आकाशात खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात आणि मुंबईला येताना समोरून येतात. इतक्या छोट्या उड्डाणात हा फरक पाच-सात मिनिटांचाच पडतो. पावसाळ्यात वरच्या हवेतले वारे पूर्वेकडून वाहू लागतात, तेव्हा हा फरक पुसला जातो किंवा उलटतो.

मात्र येताना लागणाऱ्या जास्तीच्या वेळेचं खरं कारण वारा नसून मुंबई विमानतळावरची गर्दी आहे.

मुंबईवर विमान घिरट्या का घालतं?

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान उतरत असताना दुसरीवरून उडवता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात एका वेळी एकच वापरली जाते. मुख्य धावपट्टी पूर्व–पश्चिम आहे, साधारण साडेतीन किलोमीटरची. त्या एकाच पट्टीवरून गर्दीच्या तासाला चाळीसच्या वर विमानं उतरतात आणि उडतात, म्हणजे दर दीड मिनिटाला एक. जगात एका धावपट्टीवर इतका भार वाहणारे विमानतळ फार थोडे आहेत. हे काम करणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

या साखळीत एखादी कडी सरकली, म्हणजे एखाद्या विमानाला धावपट्टी सोडायला अर्धा मिनिट जास्त लागला, पक्षी दिसला किंवा जोराची सर आली, की मागची सगळी विमानं हवेत थांबवावी लागतात. ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर लंबगोल फेऱ्या मारतात. एक फेरी चार-पाच मिनिटांची असते. तीन फेऱ्या झाल्या की तुमचा पाव तास गेला. यात घाबरण्यासारखं काही नाही. जादा इंधन भरूनच विमान निघालेलं असतं आणि तेही कमी पडेल असं दिसलं तर वैमानिक दुसऱ्या विमानतळाकडे वळतो.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धावपट्ट्यांच्या देखभालीसाठी एक दिवस काही तास विमानतळ पूर्ण बंद ठेवतात. हे आधीच जाहीर होतं आणि वेळापत्रक त्याप्रमाणे आखलेलं असतं. तरी त्या दिवसाच्या आगेमागे विमान बदलून पुढचं पकडायचं असेल तर हातात वेळ ठेवा.

उडाल्यावर विमान आधी समुद्रावर का जातं? नागपूर तर उलट्या दिशेला आहे.

विमान वाऱ्याच्या समोरच्या दिशेनं उडवतात आणि उतरवतात, म्हणजे कमी धावून उचल मिळते. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो. म्हणून विमान पूर्वेच्या टोकाकडून धावू लागतं, विलेपार्ले आणि जुहूवरून अरबी समुद्रावर जातं आणि तिथे वळून परत जमिनीवर येतं. या वळणात काही किलोमीटर वाढतात, त्यामुळे प्रत्यक्ष उडालेलं अंतर ६८० पेक्षा नेहमीच जास्त भरतं. येताना उलट असतं. नागपूरहून आलेलं विमान पूर्वेकडूनच येत असल्यानं घाटकोपर–कुर्ल्यावरून जवळजवळ सरळ धावपट्टीवर उतरतं. फेऱ्या नसतील तर येण्याची वाट जाण्यापेक्षा सोपी आहे.

वाटेत खाली काय दिसतं? खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

हा प्रश्न कमी विचारला जातो, पण माझ्या मते या प्रवासातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच आहे. सव्वा तासात कोकण, सह्याद्री, गोदावरीचं खोरं, मराठवाडा आणि वऱ्हाड असा आडवा महाराष्ट्र डोळ्यांखालून जातो.

नकाशावर दोन्ही विमानतळ सरळ रेषेनं जोडले तर ती रेषा हरिश्चंद्रगडाच्या अंगावरून जाते. डावीकडे कळसूबाई आणि भंडारदऱ्याचा जलाशय राहतो. पुढे रेषा जवळपास छत्रपती संभाजीनगरच्या डोक्यावरून जाते आणि उजवीकडे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर पैठणचा नाथसागर पसरलेला असतो. पाऊस चांगला झाला असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो असा चमकतो की ओळखायला नकाशा लागत नाही. त्यानंतर बुलढाणा डावीकडे, लोणार उजवीकडे. लोणारचं सरोवर तीसेक किलोमीटर बाजूला आणि जेमतेम सव्वा किलोमीटर रुंद आहे, तेव्हा हवा अगदी स्वच्छ हवी आणि नजरही. मग अकोला आणि अमरावती डावीकडे, वाशीम आणि वर्धा उजवीकडे. प्रत्यक्ष हवाई मार्ग या रेषेपासून थोडा सरकलेला असतो आणि पावसाळ्यात खाली ढगांशिवाय काही दिसत नाही, हे धरून चला.

जाताना डावी बाजू म्हणजे ‘ए’ची खिडकी आणि उजवी म्हणजे ‘एफ’ची. हिवाळ्यात सकाळी जाणार असाल तर ऊन उजवीकडून येतं. डोळ्यांवर ऊन नको असेल तर ‘ए’ घ्या, पण मग नाथसागर जातो. मी ऊन सोसून उजवी बाजू घ्यायला सांगेन.

मुंबईत टर्मिनल १ की टर्मिनल २?

तिकिटावर जे लिहिलं असेल ते, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर परत एकदा तपासा. टर्मिनल १ विलेपार्ले–सांताक्रूझच्या बाजूला आहे आणि तिथून फक्त देशांतर्गत विमानं सुटतात. टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहार भागात आहे, तिथून आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत दोन्ही. धावपट्ट्या त्याच असल्या तरी रस्त्यानं एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला चार-पाच किलोमीटरचा फेरा पडतो आणि पश्चिम द्रुतगती मार्गाच्या गर्दीत त्याला अर्धा तासही लागू शकतो. चुकीच्या टर्मिनलला जाऊन विमान हुकणं सहज टळण्यासारखं आहे. एकाच कंपनीची विमानं दोन्ही टर्मिनलवरून सुटू शकतात, त्यामुळे ‘मागच्या वेळी इथूनच गेलो होतो’ यावर विसंबू नका.

नवी मुंबईच्या विमानतळावरून गेलं तर अंतर आणि वेळ कमी होतो का?

हवेतलं अंतर सुमारे पंधरा किलोमीटरनं कमी होतं, कारण नवी मुंबई विमानतळ जुन्यापेक्षा पूर्वेला आहे. विमानाच्या वेळेत हा फरक एक-दोन मिनिटांचा, म्हणजे नसल्यासारखाच.

खरा फरक जमिनीवर आहे. या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. पनवेल, खारघर, उलवे, उरण, बेलापूर, वाशी इथल्या माणसांसाठी ही मोठी सोय आहे. त्यांना अंधेरी गाठण्यात जाणारा तास-दीड तास वाचतो. दक्षिण मुंबईहून शिवडीला अटल सेतूवर चढलात तर तिकडे पोचणं सोपं आहे, टोल मात्र मोजावा लागतो. बोरिवली, गोरेगाव, अंधेरीकरांनी तिकडे जाण्यात अर्थ नाही. ठाणे–मुलुंडकरांनी विमानाची वेळ आणि त्या वेळची रस्त्यावरची गर्दी बघून ठरवावं.

तिकीट काढताना एक काळजी नक्की घ्या. शोधताना ‘मुंबई’ लिहिलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकत्र दिसू शकतात. जुन्या विमानतळाचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. पैसे भरण्याआधी तो कोड वाचा. जाताना एकीकडून आणि येताना दुसरीकडे असं तिकीट निघालं, तर जुन्या विमानतळाच्या वाहनतळावर लावलेली गाडी तिथेच राहील.

दादरहून सकाळच्या विमानासाठी घरातून किती वाजता निघायचं?

उलटा हिशेब करा. देशांतर्गत विमानांसाठी सामान देण्याची खिडकी साधारण सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होते आणि विमानात चढण्याचं दार २५ मिनिटं आधी. सुटण्याच्या वेळी विमान हलतं, तेव्हा ‘सात वाजताचं विमान’ म्हणजे तुमच्यासाठी ते सहा पस्तीसचंच आहे. टर्मिनलच्या दारात दीड ते दोन तास आधी पोचा. सकाळी पाच ते आठ आणि संध्याकाळी सुरक्षा तपासणीच्या रांगा लांब असतात, तेव्हा पूर्ण दोन तास धरा.

दादरहून टॅक्सीनं पहाटे चार-साडेचारला अर्ध्या तासात पोचता येतं. सकाळी नऊला किंवा संध्याकाळी सहाला त्याच वाटेला सव्वा तास लागतो, पाऊस असेल तर विचारूच नका. या वेळांना मेट्रो ३ वापरा. आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे आणि दोन्ही टर्मिनलसाठी त्यावर वेगवेगळी स्थानकं आहेत. घाटकोपर किंवा वर्सोव्याकडून येणाऱ्यांनी मेट्रो १ नं मरोळ नाक्याला येऊन गाडी बदलावी. मात्र पहाटेच्या पहिल्या विमानांच्या वेळी मेट्रो सुरू झालेली नसते. त्या विमानांसाठी टॅक्सी किंवा सोडायला येणारं घरचं माणूस हाच मार्ग.

घर ते घर एकूण किती वेळ धरायचा? गाडी, ट्रेन आणि विमान यांत फायद्याचं काय?

दादर ते नागपुरातलं धरमपेठ असं धरू. टॅक्सीचा पाऊण तास, विमानतळावर दोन तास, विमानाचे एक तास पस्तीस मिनिटं, उतरून सामान घ्यायला अर्धा तास, शहरात जायला अर्धा तास. सगळं सुरळीत झालं तरी पाच तास वीस मिनिटं. यातले चार तास जमिनीवरचेच आहेत.

समृद्धीवरून गाडीनं आमणे ते नागपूर साधारण आठ तास सांगितले जातात. दादरहून आमणेपर्यंतचा वेळ, दोन थांबे आणि जेवण धरलं तर दहा-अकरा तास होतात. कमाल वेग ताशी १२० आहे. एकसारख्या सरळ रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका खरा आहे, म्हणून एकट्यानं, रात्री, सलग गाडी हाकू नका. कुटुंबातली चौघं-पाचजणं असतील आणि वाटेत शिर्डी किंवा वेरूळ करायचं असेल तर गाडी उत्तम.

ट्रेननं दुरांतो रात्रभरात, साधारण अकरा तासांत पोचवते. त्यातली बहुतेक वेळ झोपेत जाते आणि स्टेशन दोन्हीकडे शहराच्या मध्यात आहे. विदर्भ एक्स्प्रेस थोडी जास्त वेळ घेते, पण वाटेत अकोला, बडनेरा, वर्धा अशा गावी उतरणाऱ्यांसाठी तीच खरी. प्रवासाच्या आठवडाभर आधी विमानाचा दर गगनाला भिडलेला दिसला तर ट्रेनकडे कमीपणानं बघू नका. तातडी असेल, दवाखाना असेल, किंवा त्याच दिवशी काम आटोपून परतायचं असेल, तर मात्र विमानच.

तिकीट कधी महाग होतं?

दिवाळी, मे महिना, हिवाळी अधिवेशनाचे दिवस, आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक येतात तो विजयादशमीचा काळ. अधिवेशनात सोमवारी सकाळी नागपूरला जाणारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मुंबईला येणारी विमानं आधी भरतात. जमलं तर मंगळवार-बुधवार दुपारची बघा.

मुंबई आणि नागपूरच्या वेळेत फरक आहे का?

घड्याळात नाही, सगळ्या देशाची वेळ एकच. सूर्याच्या वेळेत मात्र आहे. नागपूर सहा अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथे मध्यान्ह सुमारे २५ मिनिटं आधी होते. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी नागपूरला उतरलात तर मुंबईत उजेडात निघालो आणि इथे तर अंधार पडलाय असं वाटतं, ते यामुळे.

उन्हाळ्यात नागपूरच्या उकाड्याचा विमानावर परिणाम होतो का?

होतो, पण प्रवाशाला तो सहसा जाणवत नाही. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही थोडा घटतो. त्यामुळे विमानाला उडायला जास्त धावावं लागतं. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर असल्यानं त्यात थोडी भर पडते. तिथली धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे आणि अशा विमानांना ती पुरून उरते. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत उडताना पहिली काही मिनिटं हादरे बसतात, ते जमिनीवरून वर उठणाऱ्या गरम हवेचे. पाठीचा किंवा मानेचा त्रास असलेल्या माणसांसाठी सकाळचं विमान घ्या.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, त्याचा विमानांना काही उपयोग झाला का?

फार मोठा. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासहून रात्री टपालाच्या थैल्या घेऊन चार विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरात परत जाई. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कोलकात्यात पोचत असे, तेही कंप्यूटर नसताना. चारही शहरांत नागपूरला सगळ्यात जवळ मुंबई होती. दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे आणि कोलकाता जवळपास हजार किलोमीटर. त्या काळच्या डाकोटा विमानाच्या वेगानं बघितलं तर मुंबईहून निघालेल्या विमानाला अडीच तासांच्या आसपास लागत असणार. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. नागपूरकरांनी या गोष्टीचा आत्ता मिरवतात त्याहून कितीतरी जास्त अभिमान मिरवायला हवा.

विमान रद्द झालं किंवा खूप उशीर झाला तर काय हक्क आहेत?

इथे तिकिटावरची ती दीड तासाची वेळ कामाला येते, कारण डीजीसीएच्या, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांत भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते. हे उड्डाण एक ते दोन तासांच्या गटात बसतं. कंपनीनं वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर या गटासाठी ७,५०० रुपये किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते द्यायचं असतं. शिवाय पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत. वादळ, धुकं, सुरक्षेचं कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टी असतील तर भरपाई मिळत नाही, पण पैसे परत किंवा दुसरं विमान यांचा हक्क राहतो.

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेवर आलेले असाल, तर खाणंपिणं कंपनीनं द्यायचं असतं. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे मागता येतात. काउंटरवर शांतपणे पण ठामपणे मागा, आणि कंपनीनं पाठवलेले मेसेज पुसू नका. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

आईबाबा पहिल्यांदाच एकटे येणार आहेत. काय सांगून ठेवू?

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, चालता येत असलं तरी. मुंबईत दारापासून विमानापर्यंत चालणं खूप आहे आणि सोबतचा कर्मचारी वाट दाखवतो, रांगेतून नेतो, बाहेर तुमच्या हाती सोपवतो. ‘कशाला उगाच’ असं ते म्हणतील, तरी मागाच. मूळ ओळखपत्र हातातल्या पिशवीत, रोजची औषधंही तिथेच. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू देऊ नका, ती हातातच ठेवावी लागते. उतरताना कान दुखले तर आवंढा गिळायचा किंवा गोळी चघळायची, एवढं आधी सांगितलं की घाबरत नाहीत. आणि सोबत संत्र्यांची पिशवी असेल तर ती नीट बांधायला सांगा.

घ्यायला जाताना मी मुंबईत घरातून कधी निघू?

नागपूरहून विमान सुटल्याचं ॲपवर दिसलं की निघण्याचा विचार करा, वेळापत्रकावर नको. हवेत सव्वा तास, फेऱ्या घालाव्या लागल्या तर आणखी पाव तास, जागेवर लागायला दहा मिनिटं, सामानासाठी वीस-पंचवीस. सुटल्यापासून साधारण दोन तासांनी ते बाहेर येतील. तुमच्या घरापासून टर्मिनल तासाभरावर असेल तर विमान उडाल्यावर पाऊण तासानं घर सोडा. कोणत्या टर्मिनलवर उतरणार ते निघताना परत बघा, आणि कोणत्या क्रमांकाच्या दारापाशी थांबायचं ते त्यांना आधीच सांगून ठेवा.